जनरल ॲनेस्थेशिया: झोपवण्यात पैकीच्या पैकी, उठवण्यात गुण कापावे लागतात

जनरल ॲनेस्थेशिया, म्हणजे संपूर्ण भूल, हे एक औषध नाही. त्यात चार वेगळी कामं एकत्र बांधलेली असतात: शुद्ध घालवणं, आठवण राहू न देणं, चिरफाडीला शरीर जी प्रतिक्रिया देतं ती दाबणं आणि गरज पडल्यास स्नायू ढिले करणं. प्रत्येक कामाचं औषध निराळं, मात्रा निराळी आणि असर उतरायची वेळही निराळी. म्हणून या सेवेला सरसकट एकच शेरा देता येत नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. झोप लावण्याचं काम आज इतकं सुधारलं आहे की तिथे नाव ठेवायला फारशी जागा उरलेली नाही. सेवेचा दर्जा कळतो तो झोप लागण्याआधीच्या पाच मिनिटांत आणि जागं करतानाच्या पंधरा मिनिटांत. मधला वेळ ऑपरेशन करणाऱ्याचा दिसतो खरा, पण त्यातही एक माणूस उशाशी बसून प्रत्येक श्वास मोजत असतो, आणि तो माणूस जागेवर असणं हेच या सेवेचं मुख्य अंग आहे.

आधीची तपासणी

चांगली सेवा ऑपरेशनच्या टेबलावर सुरू होत नाही. भूलतज्ज्ञाने आधी भेटून विचारायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत: पूर्वी भूल घेतली होती का, तेव्हा काय त्रास झाला, रक्ताच्या नात्यात कुणाला भुलेत विपरीत काही घडलं होतं का, दात हलतात का, कवळी आहे का, झोपेत घोरताना श्वास अडकतो का, छातीत आंबट वर येतं का. नात्यातला प्रश्न अनेकांना उगाच वाटतो. तो उगाच नाही. मॅलिग्नंट हायपरथर्मिया नावाचा आनुवंशिक दोष एरवी सहसा दिसत नाही. भुलेचे वायू किंवा सक्सिनिलकोलिन (स्नायू ढिले करणारं एक औषध) मिळालं की स्नायू पेटल्यासारखे उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड तयार करू लागतात. त्यावर डँट्रोलीन हे एकच खास औषध आहे, सुरुवातीची मात्रा किलोमागे 2.5 मिलिग्रॅम. जुन्या पद्धतीची कुपी 20 मिलिग्रॅमची, ती 60 मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात हलवून विरघळवावी लागते. म्हणजे 70 किलोच्या माणसाच्या पहिल्याच मात्रेला नऊ कुप्या. हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे, आणि औषध कपाटात नसेल तर धावपळीने काही साधत नाही. आधीच कळलं तर वायू टाळून फक्त शिरेतून भूल देता येते, इतका साधा उपाय आहे.

मग तोंड उघडायला सांगतात. किती उघडतं (तीन बोटं उभी मावली तर बरं), जीभ बाहेर काढल्यावर पडजीभ दिसते का, मान मागे किती झुकते, हनुवटी ते कंठमणी अंतर किती. यातली एकही खूण एकटीने भरवशाची नाही, पण तीन-चार एकत्र वाईट निघाल्या की नळी घालणं अवघड जाईल हे आधी समजतं आणि तयारी बदलते. तोंडात न डोकावता नुसती सही घेऊन जाणाऱ्या सेवेचे इथेच गुण कापावेत.

औषधांची यादी पूर्ण सांगा. ग्लिफ्लोझिन गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या सहसा तीन दिवस आधी थांबवतात, कारण उपाशीपोटी त्या चालू राहिल्या तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं. सेमाग्लुटाइडसारखी वजन कमी करायची इंजेक्शनं पोट रिकामं व्हायला उशीर लावतात. घड्याळ पाहून उपास पुरा झाला तरी पोटात अन्न सापडू शकतं. रक्त पातळ करणारी औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका, चालूही ठेवू नका, विचारा.

उपासाबद्दल अजूनही बऱ्याच ठिकाणी 'रात्री बारानंतर काहीही नको' असं सरधोपट सांगतात. नियम इतका कडक नाही: भुलेआधी पोटभर स्निग्ध जेवण 8 तास, हलका आहार किंवा वरचं दूध 6 तास, आईचं दूध 4 तास, आणि पाणी, गर नसलेला रस, बिनदुधाचा चहा 2 तास. दूध दिसायला द्रव असलं तरी ते अन्नात मोजतात. या आकड्यांमागे कारण एकच. भुलेत गिळण्याची आणि खोकण्याची प्रतिक्रिया जाते, पोटातलं वर आलं तर थेट फुफ्फुसात उतरतं. पण तेवढ्यासाठी लहान मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला बारा तास पाण्यावाचून ठेवणं हा निव्वळ आळस आहे. त्याने शिरा सापडत नाहीत, रक्तदाब पडतो आणि नंतरची मळमळ वाढते.

झोप लावणारी औषधं

प्रोपोफॉल हे आजचं मुख्य औषध. सोयाबीन तेल आणि अंड्यातलं लेसिथिन यांत मिसळलेलं, दुधासारखं पांढरं, एका मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम. निरोगी प्रौढाला किलोमागे 1.5 ते 2.5 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 9 ते 15 मिलिलिटर. अर्ध्या-पाऊण मिनिटात पापणी मिटते. उतरताना डोकं स्वच्छ असतं आणि मळमळ कमी, हा त्याचा मोठा गुण. दोष तीन. पहिला, हाताच्या बारीक शिरेतून गेलं की आग होते; आधी थोडं लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) दिलं किंवा कोपराच्या खोबणीतली मोठी शीर निवडली की ती बरीच टळते. दुसरा, श्वास थांबतो. तिसरा आणि खरा, रक्तदाब कोसळतो. वयस्क किंवा रक्त गेलेल्या रुग्णाला तीच मात्रा त्याच वेगाने दिली तर संकट ओढवतं. तिथे किलोमागे 1 ते 1.5 मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी, आणि तेही थांबत थांबत. वयस्क माणसात रक्ताभिसरण मंद असल्यामुळे औषध मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो. घाई करणारा त्याला 'पुरलं नाही' समजून आणखी देतो आणि मग दोन्ही मात्रा एकदम लागू पडतात. आणखी एक: या तेलकट पातळात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून उघडलेली कुपी काही तासांत वापरायची नाहीतर फेकायची. एका कुपीतून दोन रुग्ण करणं हे काटकसर म्हणूनही माफ करता येणार नाही.

केटामिन वेगळ्याच घडणीचं. किलोमागे 1 ते 2 मिलिग्रॅम शिरेतून. रक्तदाब टिकतो, श्वास बहुधा चालू राहतो, वेदनाही मारतं. अपघातात रक्त गेलेल्या रुग्णासाठी किंवा साधनं अपुरी असतील तिथे त्याला तोड नाही. मात्र जागं होताना भास आणि घाबरवणारी स्वप्नं पडतात, लाळ सुटते. सोबत थोडं मिडाझोलाम (गुंगी आणणारं औषध) आणि शांत खोली, यांनी बराच फरक पडतो. एटोमिडेट (किलोमागे 0.3 मिलिग्रॅम) हृदयाला सगळ्यात कमी धक्का देतं, पण एकाच मात्रेने अधिवृक्क ग्रंथीचं कॉर्टिसॉल (ताण झेलायला लागणारा हार्मोन) तयार करणं काही तास दबतं, त्यामुळे सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव ढासळू लागलेल्या, रुग्णात हात आखडतो. 1934 पासून दशकानुदशकं राज्य केलेलं थायोपेंटल आता बहुतेक ठिकाणी मागे पडलं आहे.

झोप लागली की ती टिकवायला वायू किंवा प्रोपोफॉलचा सततचा पंप. वायूंची ताकद 'मॅक' या मापाने मोजतात: फुफ्फुसात वायूचं जेवढं प्रमाण असताना चीर दिल्यावर निम्मे लोक हलत नाहीत, ते 1 मॅक. सेवोफ्लुरेनसाठी सुमारे 2 टक्के, आयसोफ्लुरेनसाठी 1.2, डेसफ्लुरेनसाठी 6. नायट्रस ऑक्साइडसाठी हा आकडा 104 टक्के आहे, म्हणजे नेहमीच्या हवेच्या दाबाखाली तो एकटा कुणाला पूर्ण झोपवूच शकत नाही. वय वाढेल तसा मॅक दर दशकाला साधारण 6 टक्क्यांनी उतरतो. ऐंशीच्या माणसाला चाळिशीचा डायल लावला तर तो उगाच खोल जातो.

आमची पसंती सेवोफ्लुरेनला. वास झोंबत नाही, त्यामुळे सुई टोचू न देणाऱ्या मुलाला मास्कवर 8 टक्क्यांपर्यंत देऊन झोपवता येतं. त्याची किंमत मोजावी लागते ती उठताना: दोन ते सहा वर्षांची मुलं कधी कधी डोळे उघडे ठेवून आईबापांनाही न ओळखता आक्रस्ताळी होतात. दहा-वीस मिनिटांत ते ओसरतं, शेवटी थोडं प्रोपोफॉल दिल्याने टळतंही. पण आईबापांना हे आधी सांगून ठेवलं नसेल तर ते हादरतात. डेसफ्लुरेन सगळ्यात लवकर उतरतं, पण श्वासनलिकेला झोंबतं, 23 अंशांना उकळतं म्हणून त्याला गरम केलेला खास व्हेपोरायझर (द्रवाची वाफ करून मोजून देणारं यंत्र) लागतो, आणि वातावरण तापवण्यात ते कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट आहे. स्कॉटलंडने 2023 मध्ये त्याचा वापर थांबवला. जागं होण्यात वाचलेल्या चार-पाच मिनिटांसाठी ते वापरावं असं आम्हाला वाटत नाही. नायट्रस ऑक्साइडबद्दल एवढंच, की तो शरीरातल्या बंद हवेच्या पोकळ्या फुगवतो. न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाभोवती साचलेली हवा), अडकलेलं आतडं, मध्यकर्णाचं ऑपरेशन, डोळ्यात सोडलेला वायूचा बुडबुडा, यांत तो वर्ज्य.

श्वास: खरी परीक्षा इथे

झोप लागताच बहुतेक वेळा श्वास थांबतो आणि तो भूलतज्ज्ञाच्या हाती जातो. हा हस्तांतराचा मिनिट-दोन मिनिटांचा काळ या सगळ्या व्यवहारातला सगळ्यात जोखमीचा. म्हणून आधी मास्कवरून शुद्ध ऑक्सिजन देतात. फुफ्फुसात श्वास सोडल्यावरही साधारण अडीच लिटर हवा उरते, आणि शरीर मिनिटाला 250 मिलिलिटर ऑक्सिजन खातं. ती उरलेली हवा साधी असेल तर एक-दीड मिनिटात पातळी घसरायला लागते. 3 मिनिटं शांत श्वासाने ऑक्सिजन घेतला असेल, किंवा घाईत मिनिटभरात 8 खोल श्वास घेतले असतील, तर निरोगी प्रौढाला आठ मिनिटांच्या आसपास मुभा मिळते. लठ्ठ माणूस, गरोदर बाई आणि तान्हं मूल यांना यातली निम्मीसुद्धा मिळत नाही.

मास्क चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. नाकापासून बोटभर लांब धरलेल्या मास्कमधून रुग्ण निम्मी खोलीतलीच हवा ओढतो, आणि मिळालेली मुभा कागदावरच राहते. बाहेर सोडलेल्या श्वासात ऑक्सिजन 90 टक्क्यांच्या जवळ आला की भरणं पुरं झालं, हे मशीनवर दिसतं. मास्कने गुदमरल्यासारखं होत असेल तर तो स्वतःच्या हाताने धरू द्या असं सांगा. चांगले भूलतज्ज्ञ आनंदाने देतात.

छोट्या ऑपरेशनला, रिकाम्या पोटाच्या रुग्णाला घशात बसणारा लॅरिंजियल मास्क पुरतो. आर्ची ब्रेन या ब्रिटिश भूलतज्ज्ञाने 1981 मध्ये त्याची कल्पना मांडली आणि रोजच्या कामाचं रूप पालटलं. वजनावर माप: 30 ते 50 किलोला 3 नंबर, 50 ते 70 ला 4, त्यापुढे 5. पण तो पोटातलं वर येणं अडवत नाही. भरलं पोट, अडकलेलं आतडं, शेवटच्या महिन्यांतली गरोदर बाई, तिथे श्वासनलिकेत नळीच हवी, आणि तीही झटपट: झोपेचं औषध, लगेच स्नायू ढिले करणारं सक्सिनिलकोलिन (किलोमागे 1 ते 1.5 मिलिग्रॅम) किंवा रोक्युरोनियम (1.2 मिलिग्रॅम), मधे मास्कने हवा न फुंकता किंवा अगदी हलक्या दाबाने फुंकून, मिनिटभरात नळी आत.

नळी स्त्रियांत दातांपाशी साधारण 21 सेंटिमीटरच्या खुणेवर, पुरुषांत 23 वर थांबवतात. आणखी आत गेली की उजव्याच फुफ्फुसात शिरते. नळीच्या टोकाजवळच्या फुग्याचा दाब 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतका. बोटाने चेपून हा दाब कळत नाही, बहुतेक वेळा तो जास्तच भरला जातो आणि दुसऱ्या दिवशीच्या घसादुखीचं ते एक मोठं कारण ठरतं. दाबमापक छोटंसं यंत्र आहे. ते टेबलावर दिसलं तर काम मन लावून चाललं आहे असं समजायला हरकत नाही.

नळी योग्य जागी आहे हे ठरवायचं कॅप्नोग्राफने, म्हणजे बाहेर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या सलग लाटांनी. लाट नसेल तर नळी अन्ननलिकेत आहे असंच धरून चालायचं, मग छातीवर आवाज ऐकू येवो किंवा नळीत वाफ दिसो, दोन्ही फसवतात. बोटाचा पल्स ऑक्सिमीटर इथे कामाचा नाही. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी 1974 च्या सुमारास ज्या तत्त्वावर तो उभा केला ते उत्तम आहे, पण ऑक्सिजन भरून घेतलेल्या माणसाचा आकडा कित्येक मिनिटं 99 दाखवत राहतो आणि घसरतो तेव्हा उशीर झालेला असतो. कॅप्नोग्राफ नसलेल्या ठिकाणी संपूर्ण भूल देऊ नये, हे आमचं या परीक्षणातलं सगळ्यात ठाम मत. बाकी कशातही तडजोड करून चालेल, यात नाही.

मधेच जाग येते का?

हा प्रश्न सगळे विचारतात, आणि उत्तर 'कधीच नाही' असं नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या 2014 च्या मोठ्या पाहणीत रुग्णांनी स्वतःहून सांगितलेलं प्रमाण सुमारे 19,000 भुलांमागे एक असं निघालं. संपूर्ण भूल देऊन केलेल्या सिझेरियनमध्ये ते बरंच जास्त, साधारण 670 मागे एक. कारणं गूढ नसतात. व्हेपोरायझर रिकामा, सिरिंजची अदलाबदल, प्रोपोफॉलची नळी चादरीखाली सुटलेली आणि कुणाला न दिसलेली. जवळजवळ प्रत्येक वाईट अनुभवात स्नायू ढिले करणारं औषध असतं, कारण त्याशिवाय माणूस हात हलवून खूण करू शकतो. वायू वापरताना सोडलेल्या श्वासातलं त्याचं प्रमाण सतत दिसतं आणि ते कमी झालं की घंटा वाजते. पंपावर भूल दिली तर असं कोणतंही माप नसतं. तिथे कपाळावरची मेंदूलहरींची पट्टी लावावी (आकडा 40 ते 60 च्या दरम्यान) आणि सलाइनची सुई टोचलेली जागा न झाकता दिसती ठेवावी.

उठवणं

इथे आम्ही गुण कापतो. स्नायू ढिले करणारं औषध पुरतं उतरलं का, हे अजूनही अनेक ठिकाणी अंदाजाने ठरवतात: डोकं पाच सेकंद उचलतो ना, हात घट्ट दाबतो ना, मग काढा नळी. पण स्नायूंची ताकद निम्म्यावर असतानाही माणूस डोकं उचलू शकतो. घशाचे स्नायू मात्र तेव्हा गिळायला अपुरे असतात. मनगटाच्या नसेला लागोपाठ चार विजेचे झटके देऊन अंगठ्याच्या चौथ्या हालचालीचं पहिलीशी प्रमाण मोजायचं, ते 0.9 च्या वर गेल्याशिवाय नळी काढायची नाही. हे प्रमाण 0.4 च्या पुढे गेलं की डोळ्यांना किंवा बोटांना चारही झटके सारखेच वाटतात, म्हणून आकडा दाखवणारं यंत्रच हवं.

उतारा दोन प्रकारचा. नियोस्टिग्मिन (किलोमागे 0.05 मिलिग्रॅमपर्यंत, सोबत ग्लायकोपायरोलेट) चारही झटके दिसू लागल्यावरच द्यावं, आणि मग किमान दहा मिनिटं धीर धरावा. त्याआधी दिलं तर ते अर्धवट काम करतं. सुगामाडेक्स रोक्युरोनियमच्या रेणूलाच कवेत घेतं: दोन झटके दिसत असतील तर किलोमागे 2 मिलिग्रॅम, खोल असर असेल तर 4. दोन-तीन मिनिटांत माणूस ताकदीवर येतो. फक्त रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियमवरच चालतं. आणि एक गोष्ट जी सांगायची हटकून राहते: ते संततिनियमनाच्या गोळ्यांतले हार्मोनही पकडतं, त्यामुळे पुढचे 7 दिवस दुसरं साधन वापरावं लागतं.

मळमळ ही सगळ्यात नेहमीची तक्रार, आणि सगळ्यात अक्षम्य, कारण ती आधी ओळखता येते. स्त्री असणं, सिगारेट न ओढणं, पूर्वी भुलेनंतर किंवा प्रवासात उलटी होणं, नंतर अफूवर्गी वेदनाशामक लागणं. यातलं एकही नसेल तर धोका सुमारे 10 टक्के, मग प्रत्येक गोष्टीमागे वाढत चारही असतील तर 80 च्या घरात. दोन किंवा अधिक जुळल्या तर सुरुवातीला डेक्सामेथासोन 4 ते 8 मिलिग्रॅम, शेवटी ऑनडॅनसेट्रॉन 4 मिलिग्रॅम, आणि वायूऐवजी प्रोपोफॉल. उलटी झाल्यावर औषध शोधणं ही सेवा नव्हे.

थरथर सुटते ती बहुधा थंडीनेच. भुलेत कातडीच्या रक्तवाहिन्या उघडतात आणि पोटातली ऊब हातापायांत पसरते, पहिल्याच तासात शरीराचं आतलं तापमान एक ते दीड अंश सेल्सिअसने उतरतं. गरम हवेचं पांघरूण ऑपरेशनच्या आधीच अर्धा तास घातलं तर हा उतार बराच अडतो. नंतर घातलं तर तेवढा उपयोग होत नाही.

म्हाताऱ्या माणसांचं उठणं सगळ्यात नाजूक. पहिले दोन-तीन दिवस गोंधळ, दिवसरात्रीचं भान सुटणं, कधी नातलगांवर संशय. मिडाझोलामसारखी औषधं टाळणं, वेदना नीट मारणं, चष्मा आणि कानाचं यंत्र रिकव्हरीतच परत देणं, ओळखीचा चेहरा जवळ ठेवणं, यांचा उपयोग होतो. पाय-हाताचं ऑपरेशन असेल तर स्पायनल (पाठीतलं इंजेक्शन) किंवा नसेच्या ब्लॉकबद्दल (तेवढाच भाग बधिर करण्याबद्दल) जरूर विचारा. मळमळ, घसादुखी आणि पहिल्या रात्रीची वेदना यांत ते सरस ठरतात. पण 'संपूर्ण भूल म्हणजे धोका, पाठीतलं इंजेक्शन म्हणजे सुरक्षित' ही समजूत मात्र खरी नाही.

घरी सोडताना 24 तास गाडी, यंत्र, दारू आणि महत्त्वाच्या सह्या बंद, सोबत एक जबाबदार माणूस. आणि निघण्याआधी एक कागद मागून घ्या: कोणती औषधं मिळाली, नळी सहज गेली की अडचण आली, अडचण आली तर कोणत्या साधनाने आणि कितव्या प्रयत्नात गेली, कशाची ॲलर्जी दिसली. पुढची भूल वेगळ्या गावात, रात्री, घाईत द्यायची वेळ आली तर तिथला भूलतज्ज्ञ आधी तोच कागद मागेल.